टर्मिनलवरून पासवर्ड : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: पासवर्ड बनवायला मोठं सॉफ्टवेअर न बसवता टर्मिनलवरच्या एखाद्या छोट्या आज्ञेवर भागतं का, आणि चुकतं ते कुठे. भागतं, आणि चांगलं भागतं. चुकतं ते बहुधा आज्ञेच्या कडेकडेला. (उत्तरांत आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना त्या लहान रोमन अक्षरांत घ्याव्यात. चिन्हं जशीच्या तशी.)

प्रश्न : /डेव्ह/यूरँडम (यादृच्छिक बाइट देणारी यंत्राची फाइल) मधून ‘हेड -सी २०’ ने वीस बाइट घेतो आणि पुढे ‘टीआर -डीसी’ लावून फक्त अक्षरं आणि अंक ठेवतो. हाती कधी चार अक्षरं येतात, कधी सात. वीस का येत नाहीत?

क्रम उलटा झाला आहे. तुम्ही आधी मोजता आणि मग चाळता. एका बाइटची २५६ मूल्यं असतात. त्यातली लहानमोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२. म्हणजे चारातला जेमतेम एक बाइट चाळणीतून खाली उतरतो आणि वीसातून सरासरी पाचही उरत नाहीत. आधी चाळा, मग मोजा: ‘टीआर’ला ‘<’ चिन्हाने थेट /डेव्ह/यूरँडम वाचू द्या आणि ‘|’ या नळीच्या पलीकडे ‘हेड -सी २०’ ठेवा. वीस अक्षरं मिळाली की ‘हेड’ बंद होतो, आणि पुढचं लिहायला गेलेला ‘टीआर’ सिगपाइप (नळीचं पुढचं टोक बंद झाल्याचा) संकेत मिळून थांबतो.

ही ओळ स्क्रिप्टमध्ये घालणार असाल आणि तिथे ‘सेट -ई’ व ‘पाइपफेल’ (नळीतली कुठलीही आज्ञा फसली की स्क्रिप्ट थांबवणारी जोडी) चालू असेल, तर स्क्रिप्ट इथेच मरते. एक्झिट कोड (आज्ञेने शेवटी परत दिलेला आकडा; शून्य म्हणजे यश) १४१ दिसला तर कारण हेच: १२८ अधिक सिगपाइपचा क्रमांक १३. पासवर्ड बरोबर बनलेला असतो, फक्त शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी नळी फुटलेली असते. अशा ठिकाणी ‘ओपनएसएसएल रँड -बेस६४ १५’ सोपं पडतं. पंधरा बाइटांची नेमकी वीस अक्षरं होतात आणि मागे ‘=’ लोंबत नाही. सोळा बाइट मागितले तर चोवीस अक्षरं येतील, त्यातली शेवटची दोन ‘==’.

‘टीआर’च्या यादीत तीन खड्डे आहेत. पहिला, रेग्युलर एक्स्प्रेशनच्या सवयीने यादीभोवती चौकोनी कंस टाकले तर ते कंसही ‘ठेवायची अक्षरं’ ठरतात आणि पासवर्डात उगवतात. दुसरा, ‘+-=’ असं लिहिलं तर मधली आडवी रेघ ‘पासून-पर्यंत’ होते आणि सगळे अंक, स्वल्पविराम, तिरकी रेघ, अर्धविराम आत शिरतात; रेघ हवीच असेल तर यादीच्या अगदी शेवटी ठेवा. तिसरा, ‘[:प्रिंट:]’ या गटात मोकळी जागाही येते. ती पासवर्डाच्या टोकाला पडली की कॉपी करताना गळते आणि लॉगिन का होत नाही ते कळत नाही. मोकळी जागा नको असेल तर ‘[:ग्राफ:]’ घ्या. त्यात ९४ चिन्हं आहेत.

प्रश्न : हीच ओळ मॅकवर चालवली की ‘इललीगल बाइट सीक्वेन्स’ म्हणून तक्रार येते.

मॅकवरचा ‘टीआर’ येणारे बाइट यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहिण्याची रीत) समजून वाचतो, आणि यादृच्छिक बाइट बहुतांशी वैध यूटीएफ-८ नसतात. आज्ञेआधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहा; मोठ्या अक्षरांत, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता. ते ज्या आज्ञेला चिकटून लिहाल तिलाच लागू होतं, म्हणून ‘टीआर’च्याच आधी हवं, ‘हेड’च्या आधी लिहून उपयोग नाही.

प्रश्न : /डेव्ह/रँडम जास्त सुरक्षित असं वाचलं म्हणून ते वापरतो, पण जुन्या सर्व्हरवर आज्ञा अडकून बसते.

यूरँडम वापरा. दोन्हींमागचा जनक एकच आहे. जुन्या लिनक्सवर /डेव्ह/रँडम ‘साठा संपला’ असं धरून वाट पाहायला लावायचं. २०२० च्या ५.६ कर्नेलपासून ते फक्त सुरुवातीचं बीज (ज्यावरून पुढचे यादृच्छिक आकडे ठरतात ती सामग्री) मिळेपर्यंतच थांबतं. काळजीची वेळ खरी एकच: यंत्र नुकतंच पहिल्यांदा सुरू होतंय आणि बीज अजून जमलेलं नाही. त्या क्षणी /डेव्ह/यूरँडम न थांबता काहीतरी देऊन मोकळं होऊ शकतं, तर ‘गेटरँडम’ हा सिस्टिम कॉल थांबतो. पहिल्याच बूटमध्ये आपोआप पासवर्ड बनवणाऱ्या स्क्रिप्टा लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. रोजच्या लॅपटॉपवर हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न : ‘डेट’चं आउटपुट ‘एमडी५सम’ मधून काढलं की ३२ अक्षरांचा अगदी गोंधळलेला पासवर्ड मिळतो. यात चूक काय?

गोंधळलेला दिसतो, पण अंदाज बांधायला सोपा. हॅशमध्ये (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा; ‘एमडी५सम’ तोच काढतो) जेवढी अनिश्चितता घालाल तेवढीच बाहेर येते. वर्षात ३,१५,३६,००० सेकंद असतात. पासवर्ड कोणत्या वर्षी बनवला एवढं माहीत असलेल्याला तेवढेच पर्याय तपासायचे आहेत, म्हणजे २५ बिटांपेक्षा किंचित कमी (दर बिटाला पर्याय दुप्पट). साधा संगणक ते चहा उकळण्याआधी संपवतो. खात्याची ‘तयार केल्याची तारीख’ कुठे दिसत असेल तर त्याहूनही लवकर.

आउटपुट पाहून यादृच्छिकता तपासता येत नाही याचा सगळ्यात बोलका पुरावा डेबियन या लिनक्स प्रकाराचा आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये झालेल्या एका बदलाने बीज मिसळणाऱ्या ओळी निघून गेल्या आणि बदलतं असं जवळपास फक्त प्रोसेस क्रमांक उरला: कमाल ३२,७६८ शक्यता. तयार होणाऱ्या किल्ल्या दिसायला नेहमीसारख्याच होत्या. दोष जाहीर व्हायला मे २००८ उजाडला. तेव्हा साधन निवडताना आउटपुट किती विचित्र दिसतं ते पाहू नका, बीज कुठून येतं ते पाहा. बॅशमधला ‘$रँडम’ही याच कारणासाठी बाद: तो ० ते ३२,७६७ एवढीच संख्या देतो, आणि तो या कामासाठी बनलेलाच नाही.

प्रश्न : सी भाषेत स्वतःचं छोटं साधन लिहिलं आहे. वेळेवरून ‘एसरँड’, मग ‘रँड’ला ६२ ने भागून उरलेली बाकी. लांबी कमांड लाइनवरून ‘एटोआय’ने घेतो. सुधारणा सुचवा.

वेळेचं बीज आधी काढा. वरच्या उत्तरातलं गणित इथेही तसंच लागतं, कारण ‘एसरँड’ला दिलेल्या एका संख्येवरून पुढची सगळी मालिका ठरते. लिनक्सवर ‘गेटरँडम’ कर्नेल ३.१७ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. परत आलेली संख्या मात्र तपासा: २५६ बाइटांपर्यंतची मागणी बीज जमल्यानंतर एका दमात पूर्ण मिळते, त्याहून मोठी अर्धवट मिळू शकते.

आता भागाकाराच्या बाकीचं. एक बाइट घेऊन ६२ ने भागलात तर २५६ = ४ × ६२ + ८. यादीतल्या पहिल्या आठ अक्षरांच्या वाट्याला पाच-पाच मूल्यं येतात, उरलेल्या चोपन्नांच्या वाट्याला चार-चार. म्हणजे ‘ए’ ते ‘एच’ इतरांपेक्षा सव्वापट वेळा दिसणार. वीस अक्षरांच्या पासवर्डाला यामुळे मोठा धोका होतो असं नाही, पण दुरुस्ती एका ओळीची असताना दोष ठेवायचा कशाला? २४८ किंवा त्यावरचा बाइट आला तर फेकून द्या आणि पुढचा घ्या. ‘टीआर -डीसी’ नकळत हेच करतो: नको ते फेकतो, जबरदस्तीने बसवत नाही. बीएसडी आणि मॅकवर ‘एआरसी४रँडम_युनिफॉर्म’ हे काम तयार देतो. ग्नू सी लायब्ररीत तो २.३६ आवृत्तीत, २०२२ मध्ये आला. तो मिळत असेल तर स्वतःचा लूप लिहूच नका.

‘एटोआय’ हा मात्र तुमच्या साधनातला लपलेला साप आहे. लांबीच्या जागी चुकून शब्द आला की तो शून्य परत करतो. तुमचं साधन शून्य अक्षरांचा पासवर्ड छापतं, यशस्वी म्हणून बाहेर पडतं, आणि पुढची स्क्रिप्ट तो रिकामा पासवर्ड एखाद्या खात्याला लावून टाकते. ‘स्ट्रटोल’ वापरा, उरलेला मजकूर रिकामा आहे का ते पाहा, किमान-कमाल मर्यादा घाला आणि चूक असेल तर शून्येतर कोडने बाहेर पडा.

आणखी एक चाचणी: लिनक्सवर साधनाचं आउटपुट /डेव्ह/फुल कडे वळवा. त्या फाइलवर लिहिताना नेहमी ‘डिस्क भरली’ अशी चूक येते. तुमचं साधन तरीही शून्य कोड देत असेल, तर ‘प्रिंटएफ’ने मजकूर बफरमध्ये ठेवला आणि खरं लिहिणं फसलं ते तुम्ही पाहिलंच नाही. शेवटी ‘एफफ्लश’ करून त्याचा निकाल तपासा.

पर्याय वाढवण्याचा मोह आवरा. लांबी आणि अक्षरसंच पुरे. रंग, कॉन्फिग फाइल, ‘ताकद मीटर’ यांपैकी कशाचीही गरज नाही. पासवर्ड फाइलमध्ये नोंदवून ठेवण्याची सोय तर मुळीच नको. पायथनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता: ‘रँडम’ नव्हे, ‘सीक्रेट्स’ मॉड्यूल, जे ३.६ पासून सोबतच येतं. ‘रँडम’च्या मागे मर्सेन ट्विस्टर आहे आणि त्याची सलग ६२४ आउटपुटं मिळाली की पुढची सगळी वर्तवता येतात.

प्रश्न : लांबी किती ठेवावी? आणि लक्षात ठेवायचा असेल तर?

हिशेब सरळ आहे: ६२ चा संच असेल तर दर अक्षरामागे ५.९५ बिट, ९४ चा असेल तर ६.५५. आठ अक्षरांचा, सगळी चिन्हं असलेला पासवर्ड सुमारे ५२ बिटांचा होतो. चोरीला गेलेला हॅश जलद प्रकारचा असेल आणि हल्लेखोर सेकंदाला १०० अब्ज अंदाज तपासत असेल, तर असे सगळे पासवर्ड सतरा तासांत संपतात. ६२ च्या संचातल्या वीस अक्षरांचे ११९ बिट होतात. त्याच वेगाने सगळे तपासायला विश्वाच्या वयाच्या कोटीपटीहून जास्त काळ लागेल. पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवायच्या गोष्टींसाठी वीस ही आमची कायमची शिफारस. दिसायला सारखे असणारे शून्य-ओ, एक-एल-आय हे पाच जण काढून ५७ चा संच केला तर वीस अक्षरांत अडीच बिटांच्या आत तोटा होतो. एक अक्षर वाढवलं की भरून निघतो.

लक्षात ठेवायचा किंवा रोज हाताने टाइप करायचा असेल तर शब्द घ्या. १९९५ पासून चालत आलेली डाइसवेअर पद्धत पाच फाशांच्या ७,७७६ शक्यतांवर उभी आहे. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठीच्या संस्थेने २०१६ मध्ये तेवढ्याच शब्दांची, सोप्या शब्दांची यादी काढली. दर शब्दामागे १२.९ बिट, सहा शब्दांचे ७७. टर्मिनलवर ‘शफ -एन ६’ ला ती यादी द्या आणि ‘--रँडम-सोर्स=/डेव्ह/यूरँडम’ जोडा. त्या यादीत प्रत्येक शब्दाआधी फाशांचे आकडे असतात, ते ‘कट -एफ २’ने आधी वेगळे करा. आलेले सहा शब्द आलेल्या क्रमाने घ्या. त्यांतून अर्थपूर्ण वाक्य जुळेपर्यंत पुन्हापुन्हा चालवत बसलात, तर निवड संगणकाची न राहता तुमची होते.

प्रश्न : ‘पीडब्ल्यूजेन’ एकदम पडदाभर पासवर्ड का ओततं? एकच हवा असतो.

मुद्दाम. शेजारून डोकावणाऱ्याला त्यातला कोणता घेतला ते कळू नये म्हणून. नळीत किंवा स्क्रिप्टमध्ये वापरलं की वागणं बदलतं. मूळ वागणूक आठ अक्षरांच्या, उच्चारता येतील अशा पासवर्डांची आहे, आणि ते कमकुवत असतात. ‘पीडब्ल्यूजेन -एस २० १’ असं लिहा: पूर्ण यादृच्छिक, वीस अक्षरं, एक नग.

प्रश्न : एक साइट अंक आणि मोठं अक्षर हवंच म्हणते. बनवलेल्या पासवर्डात अंक नसला तर मी शेवटी ‘१’ जोडतो.

तो ‘१’ फुकट गेला, कारण सगळेच तिथे ‘१’ जोडतात. नुकसान झालं नाही, फायदाही नाही. ‘पहिलं अक्षर मोठं, शेवटचा अंक’ असा साचा साधनातच घालणं मात्र वाईट. योग्य रीत: पूर्ण पासवर्ड बनवा, अट पूर्ण होत नसेल तर पूर्णच टाका, नवा बनवा. ६२ च्या संचातल्या वीस अक्षरी पासवर्डांपैकी शंभरात साधारण तीन अंकाविना निघतात, त्यामुळे पुन्हा चालवायची वेळ क्वचितच येते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक-संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच अशा अटी घालू नयेत असं म्हटलं आहे. साइटांपर्यंत ते पोचायचं आहे.

प्रश्न : चिन्हं असलेला पासवर्ड डेटाबेसला लावला. हाताने लॉगिन होतं, प्रोग्रॅममधून नाही.

पासवर्ड वाटेत बदलतोय. जोडणीच्या पत्त्यात ‘@’, ‘:’ आणि ‘/’ यांना स्वतःचा अर्थ असतो. दुहेरी अवतरणात शेल ‘$’ पुढचं नाव व्हेरिएबल समजून उडवतो. कॉन्फिग फाइलमध्ये ‘#’ नंतरचा भाग टिप्पणी ठरू शकतो. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या आज्ञांची यादी) ‘%’ म्हणजे नवी ओळ. मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ आज्ञेच्या बदलीच्या मजकुरात ‘&’ म्हणजे सापडलेला सगळा मजकूर. प्रत्येक ठिकाणी वेगळं एस्केप करत बसण्यापेक्षा चिन्हंच सोडा: ९४ च्या संचातली सोळा अक्षरं म्हणजे १०५ बिट, आणि ६२ च्या संचातली अठरा म्हणजे १०७. दोन अक्षरांत ही सगळी डोकेदुखी जाते. बेस६४ मध्येही ‘+’ आणि ‘/’ येतात, हे विसरू नका.

चिन्हं नसूनही अडत असेल तर शेवटचं न दिसणारं अक्षर तपासा. पासवर्डाची फाइल ‘डब्ल्यूसी -सी’ला द्या. वीसऐवजी २१ आले तर ‘एको’ने किंवा एडिटरने मागे नवी ओळ चिकटवली आहे. काही प्रोग्रॅम ती काढून टाकतात, काही पासवर्डाचाच भाग समजतात. ‘प्रिंटएफ’ला ‘%एस’ हा साचा देऊन लिहा.

प्रश्न : टर्मिनलच्या हिस्टरीत पासवर्ड राहतो का?

बनवताना नाही. हिस्टरीत आज्ञा जाते, तिचं आउटपुट नाही. वापरताना राहतो: तोच पासवर्ड पुढच्या आज्ञेत पर्याय म्हणून चिकटवला की हिस्टरीतही गेला आणि आज्ञा चालू असेपर्यंत ‘पीएस’मध्ये (चालू आज्ञांची यादी), सामान्य मांडणीच्या यंत्रावर, इतर वापरकर्त्यांनाही दिसला. आज्ञा पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून घेत असेल तर थेट नळीने द्या. नाहीतर ‘रीड -एस’ने व्हेरिएबलमध्ये घ्या. व्हेरिएबलमधून ‘प्रिंटएफ’ने पुढे द्या; तो शेलचाच भाग असल्याने ‘पीएस’मध्ये दिसत नाही. बॅशमध्ये ‘हिस्टकंट्रोल=इग्नोअरस्पेस’ (पहिला शब्द मोठ्या अक्षरांत) असेल तर आज्ञेआधी मोकळी जागा सोडली की नोंद होत नाही. वर सरकवून दिसणारा टर्मिनलचा जुना मजकूर आणि क्लिपबोर्ड जपून ठेवणारे प्रोग्रॅम हे दोघे मात्र यापैकी कशालाच जुमानत नाहीत, ते वेगळे साफ करा.

प्रश्न : विंडोजवर काय?

पॉवरशेल ७.४ पासून ‘गेट-सिक्युअररँडम’ आहे. जुनं ‘गेट-रँडम’ या कामाला घेऊ नका. गिट बसवलेलं असेल तर त्याच्या बॅशमध्ये ‘ओपनएसएसएल’ मिळतं, वर दिलेली ‘ओपनएसएसएल रँड -बेस६४ १५’ ही ओळ तशीच चालते.

प्रश्न : देवनागरी अक्षरांचा पासवर्ड ठेवला तर फोडणाऱ्याची पंचाईत होईल ना?

पंचाईत तुमची होण्याची शक्यता जास्त. ‘सुऱ्या’ मधला ‘ऱ्य’ एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ‘ऱ’ पासून बनतो, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे, आणि हॅश बाइटांचा होतो. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट खातो. ‘क्षि’चे चार घटक, म्हणजे बारा बाइट. बीक्रिप्ट ही पासवर्ड साठवायची हॅश-पद्धत ७२ बाइटांनंतरचं पाहत नाही, तेव्हा चोवीस घटकांपुढचं सगळं काही ठिकाणी गणतीतच येत नाही. हे सारं मान्य करूनही करायचंच असेल, तर ‘टीआर’च्या यादीत देवनागरी अक्षरं लिहू नका. ग्नूचा ‘टीआर’ अक्षरं नव्हे, बाइट चाळतो, आणि हाती अक्षरांचे तुकडे येतात. एका ओळीवर एक अक्षर अशी फाइल करा, ती ‘शफ -आर -एन २०’ ला द्या, सोबत तोच ‘--रँडम-सोर्स’ पर्याय, आणि ओळी जोडायला ‘टीआर -डी’ने नव्या ओळीचं चिन्ह काढून टाका, ते एकाच बाइटचं असल्यामुळे तिथे ‘टीआर’ चालतो.